कोड सर्वांचा, कमाई कोणाची? पवईतून दिसणारा ओपन सोर्सचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. आपल्या वस्त्यांमध्ये ही बातमी वेगळ्या काळजीने वाचली गेली. गेली पंचवीस वर्षे आपल्या समाजातल्या असंख्य आईवडिलांनी एकच गणित मांडले होते. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर झाली, की एखाद्या मोठ्या आयटी कंपनीत लागेल आणि घर वर येईल. त्यासाठी कर्ज काढले, दागिने मोडले, शिष्यवृत्तीची वाट पाहत उसनवारीने फी भरली. आता पदवी हातात आहे आणि भरती आटली आहे. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना पदवीच्या पलीकडचा एक प्रश्न विचारला जातो: तुमचे गिटहब खाते दाखवा.

गिटहब म्हणजे जगभरातले प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात, एकमेकांचा तपासतात आणि दुरुस्त करतात ती जागा. तिथे मोठ्या प्रमाणावर चालते ते ओपन सोर्स, म्हणजेच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे काम. गिटहबच्याच २०२४ च्या अहवालात २०२८ पर्यंत भारतातल्या डेव्हलपरांची संख्या जगात सर्वांत मोठी होईल, असा अंदाज मांडला आहे. तेव्हा हा विषय आपल्या तरुणांच्या पोटापाण्याशी थेट जोडलेला आहे. तरीही आपल्या शिबिरांत, करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत त्यावर बोलले जात नाही. स्पर्धा परीक्षा आणि सरकारी भरती यांपलीकडे आपली चर्चा सहसा सरकत नाही. म्हणून या व्यवहाराचा हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटते. त्यासाठी फार लांब जायला नको. पवई आणि तिच्या आसपासची दोन-तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

ओपन सोर्स म्हणजे नेमके काय

कोणतेही सॉफ्टवेअर आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिले जाते. त्याला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या हा कोड लपवून ठेवतात आणि आपल्याला फक्त वापरण्याचा परवाना विकतात. ओपन सोर्समध्ये कोडच खुला असतो. तो कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा, अशी मुभा परवान्यातच लिहिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा मुद्दा स्वातंत्र्याचा होता. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. ‘ओपन सोर्स’ हा शब्द १९९८ चा. उद्योगांना ही कल्पना पटावी म्हणून तो मुद्दाम निवडला गेला.

या खुल्या कोडपासून आपण किती जवळ आहोत ते पाहा. हा लेख तुम्ही अँड्रॉइड मोबाइलवर वाचत असाल, तर त्या फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे. ‘बुद्ध’ किंवा ‘संघर्ष’ या शब्दांतली जोडाक्षरे पडद्यावर नीट जुळून दिसतात, ती हार्फबझ नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरमुळे. मराठी संकेतस्थळांवर सर्रास दिसणारा ‘मुक्ता’ हा फाँट मुंबईच्या एक टाइप या संस्थेने खुल्या परवान्यावर दिला आहे. जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चार ज्या वर्डप्रेसवर चालतात, तेही खुलेच आहे.

पवईत काय उभे राहिले

पवईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली. तिचे नाव घेतले की प्रवेश परीक्षा, कोट्यवधींची पॅकेजेस आणि गेटवरचा पहारा आठवतो. पण त्याच आवारातून दोन उपक्रम असे चालले, ज्यांना त्या गेटची अडचण नाही.

पहिला उपक्रम स्पोकन ट्युटोरियलचा. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो उभा केला आणि केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला निधी मिळाला. साधारण दहा मिनिटांची एक चित्रफीत. पडद्यावर सॉफ्टवेअर कसे चालवायचे ते दिसते, सोबत आवाज समजावून सांगतो. विद्यार्थ्याने ऐकायचे, थांबवायचे, शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचे आणि पुढे जायचे. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन, सी, जावा, पीएचपी, ब्लेंडर असे अनेक विषय तिथे आहेत. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. पडद्यावरचे शब्द मात्र इंग्रजीच ठेवले आहेत. समजावणे आपल्या भाषेत आणि हाताखालचे बटण कामाच्या ठिकाणी असते तेच, असा त्यामागचा विचार. हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आहे, म्हणजे ते उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर वाटा, विहारात इंटरनेटशिवाय दाखवा, कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

दुसरा उपक्रम फॉसीचा. महाविद्यालयांनी महागड्या परवान्यांच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू नये, यासाठी हा प्रकल्प काम करतो. मॅटलॅबच्या जागी सायलॅब, इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी ई-सिम, पोलादी बांधकामांच्या रचनेसाठी ऑसडॅग. यातले ऑसडॅग भारतीय मानक आयएस ८०० : २००७ नुसार जोडणी आणि तुळयांची आकडेमोड करते. ज्या लहान स्ट्रक्चरल सल्लागाराला लाखोंचा परवाना परवडत नाही, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. केमिकल प्लँटच्या आकडेमोडीसाठीचे डीडब्ल्यूसिम हे मूळ ब्राझीलमधल्या एका डेव्हलपरचे काम. त्यात पवईतून भर पडली आणि ते आपल्या महाविद्यालयांत पोहोचले.

फॉसीची आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून देणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन देण्याची पद्धत या प्रकल्पाने पाडली. उन्हाळ्यात त्यांची फेलोशिप निघते. निवड करताना आधी एक काम दिले जाते आणि ते करून दाखवणाऱ्याला घेतले जाते. विद्यार्थी आयआयटीचाच असला पाहिजे, अशी अट नाही. उल्हासनगरच्या, नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या महाविद्यालयातला मुलगाही ते काम करू शकतो.

विक्रोळी पार्कसाइट, फिल्टरपाडा, चांदिवली, घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर हे सारे पवईपासून हाकेच्या किंवा एका बसच्या अंतरावर. तिथल्या किती तरुणांना या दोन उपक्रमांची माहिती आहे, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत विचारून पाहावा.

कंपन्या फुकटच्या कोडवर का विसंबतात

हार्वर्ड बिझनेस स्कूलने जानेवारी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मॅन्युएल हॉफमन, फ्रँक नेगल आणि यानुओ झोउ या तिघांनी ओपन सोर्सची किंमत काढण्याचा प्रयत्न केला. जगात सर्वाधिक वापरला जाणारा खुला कोड एकदाच, पुन्हा पहिल्यापासून लिहायचा ठरवला तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण हा कोड नसता आणि तो वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतंत्रपणे लिहून घ्यावा लागला असता, तर खर्च गेला असता ८.८ लाख कोटी डॉलरवर. ही रक्कम भारताच्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून मोठी आहे. हे सॉफ्टवेअर नसते तर कंपन्यांना सॉफ्टवेअरवर आजच्या साडेतीन पट खर्च करावा लागला असता, असे या अभ्यासाचे म्हणणे आहे.

या दोन आकड्यांमधली दरी हाच उद्योगांचा फायदा. एकाने लिहिले, लाखोंनी वापरले. आंब्याचे झाड एकदा लावावे आणि पिढ्यांनी आंबे खावेत, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की कोडचे फळ एकाने घेतले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही.

पैसा वाचणे हे एक कारण झाले. उद्योगांच्या दृष्टीने दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. बंद सॉफ्टवेअर घेतले की ग्राहक त्या कंपनीच्या दावणीला बांधला जातो. तिने दर वाढवले, तर भरावे लागतात. तिने ते सॉफ्टवेअर बंद केले, तर आपला सगळा हिशेब अडकतो. खुल्या कोडमध्ये हा धाक चालत नाही. मार्च २०२४ मध्ये रेडिस या लोकप्रिय डेटाबेसच्या कंपनीने परवाना बदलून निर्बंध आणले. काही दिवसांतच जुन्या खुल्या कोडवरून व्हॅल्की नावाचा नवा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभा राहिला आणि मोठ्या कंपन्या त्याच्यामागे उभ्या राहिल्या. एकदा सर्वांचे म्हणून दिलेले परत काढून घेता येत नाही, हे परवान्यातच बांधलेले असते. पुढच्या वर्षी रेडिसनेही पुन्हा एक खुला परवाना स्वीकारला.

मग कोड फुकट देऊन कमवायचे कसे? रेड हॅट कंपनीने लिनक्सची देखभाल, दुरुस्ती आणि हमी विकली. आयबीएमने २०१९ मध्ये ती कंपनी ३,४०० कोटी डॉलरना घेतली. वर्डप्रेसभोवती संकेतस्थळे बांधणाऱ्या, सांभाळणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांचे जाळे आहे. पुणे, नाशिक, मुंबईतली अनेक तरुण मंडळी त्यावरच घर चालवतात.

आणखी जवळचे उदाहरण घाटकोपरशेजारच्या विद्याविहारचे आहे. तिथून काम करणाऱ्या फ्रापे या कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर बनवले. खरेदी, विक्री, साठा, पगार, हिशेब हे सगळे एका जागी ठेवणारे हे सॉफ्टवेअर. रुषभ मेहता यांच्या घरच्या फर्निचरच्या धंद्यात अशा सॉफ्टवेअरची गरज पडली, त्यातून या कामाची सुरुवात झाली. कोड जीपीएल परवान्यावर खुला आहे. पैसा येतो तो सर्व्हरवर ते चालवून देण्यातून आणि आधार देण्यातून. झिरोधासारखी मोठी शेअर दलाली कंपनी ते वापरते आणि तिच्या गुंतवणूक शाखेने फ्रापेत पैसाही घातला आहे.

साकीनाका आणि मरोळच्या गाळ्यांत शेकडो लहान कारखाने आहेत. कोणी पत्र्याची कामे करतो, कोणी पॅकिंगचे खोके बनवतो, कोणी कपडे शिवतो. त्यांपैकी अनेकांचा साठा अजून वहीत आणि मालकाच्या डोक्यात असतो. त्यांना सॉफ्टवेअर बसवून देणारा, कामगारांना मराठी-हिंदीत शिकवणारा आणि अडले तर तासाभरात येणारा माणूस हवा असतो. परवान्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून मालकाचा खर्च त्या माणसाच्या कामाकडे वळू शकतो. हे काम करायला पवईच्या आयआयटीची पदवी लागत नाही. धंदा समजून घेण्याची तयारी, पायथनचे बऱ्यापैकी ज्ञान आणि चिकाटी लागते. आपल्या तरुणांनी नोकरी मागण्याबरोबरच व्यवसाय उभा करावा, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. तो व्यवसाय कोणता, याचे हे एक ठोस उत्तर आहे.

पाया कोण सांभाळतो

इथपर्यंतचे चित्र उजळ आहे. आता दुसरी बाजू.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीस आली. इंटरनेटवरचे बँक व्यवहार, पासवर्ड, ईमेल सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ती होती. जगातल्या प्रचंड कंपन्या त्यावर विसंबून होत्या. चौकशीत बाहेर आले, की या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २ हजार डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी मुद्दाम चोरवाट पेरल्याचे समजले. ते सांभाळणारा डेव्हलपर एकटाच आणि थकलेला होता. मदतीचा बहाणा करून एकाने दोन-अडीच वर्षांत त्याचा विश्वास मिळवला होता. सर्व्हरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने घेतला म्हणून अनर्थ टळला.

हार्वर्डच्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. ओपन सोर्सच्या एकूण मूल्यापैकी ९६ टक्के मूल्य अवघ्या ५ टक्के डेव्हलपरांच्या कामातून येते. मूठभर लोक पाया रचतात, त्यावर मनोरे दुसऱ्यांचे उभे राहतात. ही रचना आपल्याला परकी नाही. ज्यांनी शहरे बांधली, साफ ठेवली, त्यांना त्या शहरांत घर मिळाले नाही, हा अनुभव आपल्या वस्त्यांचाच आहे. म्हणून ‘खुले’ आणि ‘सर्वांचे’ हे शब्द ऐकून भारावण्याआधी श्रमाचा मोबदला कोणाला मिळतो, हे विचारण्याची सवय आपण सोडू नये.

काही बदल होत आहेत. हार्टब्लीडनंतर गुगल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत अशा पायाभूत प्रकल्पांना पैसा द्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधाने जगभरातल्या खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आपण ज्यावर धंदा उभारला त्याचे ऋण फेडले पाहिजे, ही भूमिका स्वागतार्ह आहे. पण खुल्या कोडवर चालणाऱ्या इतर भारतीय कंपन्यांच्या नफ्यापुढे हे सगळे किरकोळ आहे.

दार उघडे, पण वेळ कोणाकडे

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ओपन सोर्सबद्दल असे सांगितले जाते, की तिथे जात, धर्म, कॉलेज कोणी विचारत नाही, फक्त कोड पाहिला जातो. यात तथ्य आहे. तिथे आडनाव लावण्याची सक्ती नाही, टोपणनावाने काम करता येते. एका इंग्रजी अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले, की गिटहबवर स्त्रियांनी पाठवलेला कोड पुरुषांच्या तुलनेत अधिक प्रमाणात स्वीकारला जात होता. मात्र प्रकल्पात नव्याने आलेल्यांपैकी ज्यांचे स्त्री असणे नाव किंवा फोटोवरून ओळखू येत होते, त्यांचा कोड स्वीकारण्याचे प्रमाण घसरत होते. ओळख झाकली की गुणवत्ता दिसते आणि ओळख दिसली की पूर्वग्रह जागा होतो. भारतात आडनावाचे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ओळखीपाळखीने लागणाऱ्या नोकऱ्यांच्या बाजारात ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, त्याच्यासाठी जाहीरपणे नोंदलेले काम हाच साक्षीदार ठरतो. ही ताकद छोटी समजू नये.

पण या दाराशी पोहोचायला वेळ लागतो. चांगल्या प्रकल्पात पहिला उपयोगी बदल स्वीकारला जाईपर्यंत अनेक आठवडे जातात. नाव होईपर्यंत वर्ष-दोन वर्षे. या काळात पैसा मिळत नाही. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली, चांगला लॅपटॉप, अखंड वीज, वायफाय आणि ‘कर तुला काय करायचे ते’ म्हणणारे वडील आहेत, तो हा काळ काढू शकतो. जो दिवसभर पार्सल पोहोचवतो, जी सकाळी पाणी भरून, कॉलेज करून, संध्याकाळी शिकवण्या घेते, त्यांनी हा वेळ कुठून आणायचा? दहा बाय दहाच्या घरात रात्री दिवा चालू ठेवायचा तर आधी इतरांची झोप पाहावी लागते. कोड फुकट आहे, तो शिकण्याचा वेळ फुकट नाही. आणि हा वेळ जातीच्या, वर्गाच्या उतरंडीप्रमाणेच वाटला गेला आहे.

त्यामुळे ‘दार उघडे आहे, तुम्हीच येत नाही’ हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. प्रवेश खुला करून ते थांबले नाहीत. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, हे पाहून त्यांनी वेळापत्रक आखले. ओपन सोर्सच्या बाबतीत आज नेमके हेच व्हायला हवे.

महाराष्ट्राने काय केले

२००१ पासून आपल्या राज्यात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम चालतो. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि गावोगावच्या, वस्तीवस्तीच्या मुलामुलींनी फी भरून तो केला. संगणकाची भीती गेली, हे त्याचे श्रेय. पण त्यातल्या शिक्षणाचा मोठा भाग वर्षानुवर्षे विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर आधारलेला राहिला. परिणामी संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीची बटणे पाठ करणे, अशी समजूत रुजली. ती बटणे असलेले सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून चोरीच्या प्रती घरोघर आल्या. ज्या सॉफ्टवेअरची फुकट आणि कायदेशीर प्रत घेता येते, त्याचे नावही बहुतेकांना कळले नाही.

त्याच सुमारास केरळने आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे शाळांतले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. तिथल्या सरकारी शाळेतला मुलगा लिनक्सवर शिकतो. परवान्यांचा खर्च वाचतो आणि शिक्षकांना सॉफ्टवेअरमध्ये आपल्या भाषेनुसार बदल करून घेता येतात. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यानुसार खुले सॉफ्टवेअर वगळायचे असेल, तर त्याचे कारण द्यावे लागते. धोरण कागदावर आहे. आपल्या महानगरपालिकेच्या शाळेत, समाजकल्याणच्या वसतिगृहात, अभ्यासिकेत कोणते सॉफ्टवेअर आहे आणि त्यासाठी किती पैसे मोजले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आपल्या कार्यकर्त्यांना हे हत्यार चांगले चालवता येते.

आता काय करायचे

तरुणांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक. सुरुवात स्वतःच्या भाषेत करा. लिनक्स आणि पायथनची मराठी स्पोकन ट्युटोरियल पूर्ण करा. जुन्या, मंद झालेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. विंडोजला न पेलणारी अनेक यंत्रे त्यावर नीट चालतात.

दोन. पहिले योगदान कोडचेच असावे असे नाही. मराठी भाषांतर, माहितीपुस्तिकेतल्या चुका, सापडलेल्या दोषाची नीट लिहिलेली नोंद, हेही काम आहे. वर्डप्रेसच्या मराठी भाषांतरात कोणीही भाग घेऊ शकतो. मराठीवर हुकूमत असलेल्या आपल्या मुलामुलींनी ही बाजू हलकी समजू नये.

तीन. नुसते नाव लावण्यासाठी काम करू नका. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पावर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. भारतातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे मुले तिथे फक्त स्वतःचे नाव जोडत होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या खोट्या दोषनोंदींची भर पडली आहे. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी त्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला आहे. असे वागल्याने साऱ्या भारतीय तरुणांकडे संशयाने पाहिले जाते. तुम्हाला समजलेला एक लहान दोष दूर करणे, हे शंभर पोकळ नोंदींपेक्षा मोलाचे आहे.

चार. मोबदला देणाऱ्या वाटा आधी शोधा. फॉसीची फेलोशिप आहे. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालतो आणि २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांसाठीही खुला आहे. आउटरीची हा उपक्रम तर भेदभाव सोसलेल्या, या क्षेत्रात संख्येने कमी असलेल्या लोकांसाठीच आहे. तिथे तीन महिन्यांच्या घरून करायच्या कामासाठी ७ हजार डॉलर मिळतात. अर्जात आपल्याला आलेल्या भेदभावाबद्दल लिहायला सांगतात. जातीचा अनुभव तिथे लपवायचा नाही, नेमकेपणाने मांडायचा आहे.

पाच. परवाना वाचायला शिका. तुमचा कोड कोणत्या अटीवर जातो, तो कोणी बंद करून विकू शकतो का, कंपनीच्या करारात तुम्ही काय लिहून देता, हे माहीत असले पाहिजे. कायदा शिकलेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी यावर एखादे शिबिर घ्यावे.

आता संघटनांसाठी. बहुतेक विहारांत सायंकाळनंतर किंवा दुपारी एक खोली रिकामी असते. चार जुने संगणक, एक वायफाय जोडणी आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक जाणकार एवढ्यावर वर्ग सुरू होतो. आयटीत स्थिरावलेले आपले बांधव जयंतीला वर्गणी देतात. त्यांनी वर्षातले काही शनिवारही द्यावेत. एका मुलाने पाठवलेला कोड तपासून देणे, मुलाखतीआधी तासभर बोलणे, ही वर्गणी पैशाहून मोठी ठरते. मुलींना रात्री उशिरा थांबता येत नाही, म्हणून त्यांच्या सोयीची वेळ आधी ठरवावी आणि बाकीचे वेळापत्रक त्याभोवती लावावे.

आणि सरकारकडे मागणी. बार्टी ही संस्था अनुसूचित जातींतल्या तरुणांच्या प्रशिक्षणासाठी आहे. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला तयारीच्या काळात विद्यावेतन मिळावे, हे तत्त्व राज्याने मान्य केले आहे. तेच तत्त्व इथे लावा. दरवर्षी काहीशे तरुणांना एक वर्षाचे विद्यावेतन आणि लॅपटॉप द्या. त्यांनी नामवंत खुल्या प्रकल्पांत काम करावे आणि त्याची जाहीर नोंद हीच परीक्षा मानावी. त्यात राज्याच्या उपयोगाची कामेही घेता येतील. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर शेवटच्या तारखेला काय हाल होतात, हे आपल्या मुलांनी सोसले आहे. ते संकेतस्थळ खुल्या कोडवर आले, तर ज्यांनी सोसले त्यांनाच ते दुरुस्त करता येईल.

८.८ लाख कोटी डॉलरच्या या व्यवहारात आपला वाटा आज जवळपास नाही. तो मिळवायचा तर पवईच्या गेटबाहेर उभे राहून चालणार नाही, आणि एकेकट्याने रात्री जागूनही भागणार नाही. वस्तीने वेळ काढून द्यावा, जाणकारांनी हात द्यावा आणि सरकारने विद्यावेतन द्यावे, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतील. येत्या १४ एप्रिलच्या तयारीच्या बैठकांत मिरवणूक आणि डीजेच्या खर्चाच्या चर्चेआधी या तीन मुद्द्यांवर अर्धा तास बोलावे, अशी आमची सर्व मंडळांना विनंती आहे.